जशी भूमी, तसे घर

रत्नागिरीहून निघावे, आंबा घाट चढून कोल्हापूरला यावे आणि तेथून पंढरपूरवरून सोलापूरकडे जावे, असा प्रवास तुमच्यापैकी काहींनी केला असेल. या प्रवासात खिडकीबाहेर लक्ष देऊन पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते. गावे जसजशी मागे पडतात, तसतशी घरांची रूपे पालटत जातात. समुद्राकाठी नारळी-पोफळींच्या आड तांबड्या चिऱ्यांची आणि उतरत्या कौलारू छपरांची घरे दिसतात. घाट ओलांडून पूर्वेकडे सरकावे, तो छपरांचा उतार कमी होत जातो. आणि सोलापूरच्या बाजूच्या जुन्या खेड्यांत तर उतरते छप्पर जवळजवळ नाहीसेच होऊन जाड भिंतींवर सपाट मातीचे माळवद येते. अलीकडच्या बांधकामांमुळे हा फरक पूर्वीइतका ठळक राहिलेला नाही. तरीही जुन्या वस्त्यांतून तो आजही ओळखता येतो.

ही घरे कोणी आखली असतील बरे? त्यांचा नकाशा कोणा पदवीधर स्थापत्यविशारदाने कागदावर काढलेला नव्हता. गावचा गवंडी, गावचा सुतार आणि घरचा कर्ता पुरुष यांनी अंगणात उभे राहून बोलता बोलता ती ठरविली. परंतु या तिघांच्याही मागे एक चौथा सल्लागार उभा होता. तो म्हणजे ती भूमी. पाऊस किती पडतो, ऊन कोणीकडून येते, वारा कोणत्या दिशेने झोडपतो, खणल्यावर दगड लागतो की माती लागते, या प्रश्नांची उत्तरे भूमी देत असे आणि माणूस ती निमूटपणे ऐकत असे. म्हणूनच ही घरे आपल्या परिसरात उपरी वाटत नाहीत.

प्रथम कोकणातील घर पाहू. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. असल्या पावसापुढे सपाट छप्पर टिकावयाचे नाही. म्हणून छपराला तीव्र उतार देतात, म्हणजे पाणी क्षणभरही न थांबता खाली धावते. छपराचे पाखे भिंतींच्या पुढे बरेच खालपर्यंत ओढलेले असतात. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर अंगणात पडतात. यात केवळ सौंदर्यदृष्टी नाही. कोकणातील भिंत जांभ्या दगडाची असते आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो. त्याला पावसापासून जपावयाचे, तर छपराने त्याच्यावर पंख पसरलेच पाहिजेत. याच कारणास्तव घराचे जोते उंच ठेवतात आणि ज्या बाजूने पावसाची झड येते, त्या बाजूस पडवी काढून तिला पावसाळ्यात झावळ्यांची झापे बांधतात.

हा जांभा दगड मोठा गुणी आहे. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो, की साध्या हत्याराने तो तासता येतो. आणि उघड्या हवेत राहिला, की तो हळूहळू कठीण होत जातो. जणू काय घर बांधण्यासाठीच निसर्गाने तो घडविला असावा! फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ या शब्दाचा अर्थ वीट असा आहे. कोकणातील माणसाला हा दगड दुरून आणावा लागला नाही. ज्या सड्यावर तो राहत होता, त्याच सड्याच्या पोटातून त्याने घराचे चिरे काढले, त्याच दगडांचे गडगे रचले आणि चढउताराच्या वाटेवर त्याच दगडांच्या पाखाड्या बांधल्या. घर, कुंपण, वाट आणि जमीन यांचा रंग एकच झाला तो असा.

आता देशावरील घराकडे वळू. सोलापूर आणि मराठवाडा या भागांत पाऊस बेताचा, परंतु उन्हाळा मोठा कडक. येथे घराला भय आहे ते पाण्यापेक्षा उन्हाचे. म्हणून भिंती हातभराहून अधिक, कित्येकदा दोन-दोन हात जाडीच्या, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दुपारच्या उन्हाने भिंतीची बाहेरची बाजू तापते. पण ती उष्णता जाड भिंतीतून आत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. तोपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि घरची मंडळी माळवदावर गार वाऱ्यात पथाऱ्या पसरून झोपण्याच्या तयारीत असतात. भिंतींना खिडक्या मोजक्याच. प्रकाश येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला लहानसे सवणे ठेवलेले. जे छप्पर कोकणात एका पावसाळ्यात वाहून गेले असते, तेच छप्पर येथे पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदले.

या भागातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसण्याची जमीन. या दोन शब्दांत केवढे शहाणपण साठविलेले आहे पाहा! काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर साधा पाया घालून घर बांधले, तर जमिनीबरोबर भिंतीही तडकावयाच्या. पांढरी माती तशी हलत नाही. शिवाय सुपीक जमीन वस्तीखाली गेली, तर खावयाचे काय? म्हणून पूर्वजांनी काळीला पेरणीसाठी राखले आणि पांढरीवर गाव वसविले. घर कसे बांधावे याच्या आधी ते कोठे बांधावे, हा विचार त्यांनी केला होता.

परंतु जुने ते सारेच निर्दोष होते, असे समजण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळांचा बळी त्यांच्याच घरांनी घेतला. ओबडधोबड दगड मातीत बसवून केलेल्या दुपदरी भिंती, आतल्या आणि बाहेरच्या पदराला सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे. जमीन हादरताच भिंतीचे दोन्ही पदर फाकले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले. उन्हाचा आणि मातीचा विचार करणाऱ्या या घरांनी भूमीच्या पोटातील हालचालीचा विचार केलेला नव्हता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत, घराभोवती सलग आडवे पट्टे बांधून भिंती एकमेकींना जखडाव्यात आणि छप्पर हलके ठेवावे, हे अशा संकटांनी शिकविलेले धडे आहेत. भूमी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते; तिच्या पोटातही पाहावे लागते.

निसर्गाशी जुळवून घेणारे घर म्हणजे केवळ जुन्या पद्धतीचे घर, असाही समज करून घेऊ नये. या गोष्टीचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्यापासून फार दूर, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. तेथे दाट रानातून ‘बेअर रन’ नावाचा एक ओढा वाहतो आणि एका ठिकाणी खडकांच्या पायऱ्यांवरून तो खाली कोसळतो. पिट्सबर्ग शहरातील कॉफमन नावाच्या व्यापाऱ्याच्या मनात तेथे सुट्टी घालविण्यासाठी घर बांधावे असे आले. त्याने ते काम फ्रँक लॉइड राइट या स्थापत्यविशारदाकडे सोपविले. राइट तेव्हा साठी ओलांडलेला होता. घर हे टेकडीच्या माथ्यावर नेऊन ठेवावयाची वस्तू नव्हे, ते टेकडीचाच एक भाग झाले पाहिजे, असे त्याचे मत होते. त्याने स्वतःचे घरदेखील टेकडीच्या शिखरावर न बांधता किंचित खाली, तिच्या भाळप्रदेशी बांधले होते आणि त्याला ‘टॅलिएसिन’, म्हणजे तेजस्वी भाळ, असे नाव दिले होते.

राइटने कामाला प्रारंभ केला तो जागेचा तपशीलवार नकाशा मागवून. त्या नकाशात प्रत्येक मोठा खडक आणि प्रत्येक मोठे झाड दाखविलेले असावे, असा त्याचा आग्रह होता. कॉफमन कुटुंबाची अपेक्षा अशी, की समोर धबधबा दिसेल असे घर मिळेल. राइटने १९३५ साली जो आराखडा त्यांच्यापुढे ठेवला, त्यात घर धबधब्याच्या समोर नव्हते. ते धबधब्याच्या वरच होते! ज्या धबधब्याचे चित्र खिडकीतून रोज दिसते, त्याकडे माणूस काही दिवसांनी पाहीनासा होतो. पण ज्या पाण्याचा नाद घरभर भरून राहिला आहे, ते घरातल्या माणसांच्या जगण्याचाच भाग होऊन बसते. या विचाराने बांधलेले हे मुख्य घर १९३७ साली तयार झाले. त्याचे नाव ‘फॉलिंगवॉटर’, म्हणजे कोसळते पाणी.

या घराच्या भिंतींचे दगड त्याच परिसरातील खाणीतून काढलेले आहेत. ते अशा कमीअधिक जाडीच्या आडव्या थरांनी रचले आहेत, की भिंत पाहताना ओढ्याकाठच्या खडकांचीच आठवण व्हावी. खडकांचे कंगोरे जसे पाण्यावर पुढे आलेले असतात, तसेच काँक्रीटचे रुंद सज्जे ओढ्यावर पुढे आलेले आहेत. दिवाणखान्यात शेकोटीपाशी मूळचा एक खडक फोडून न टाकता तसाच राहू दिला आहे. जमिनीच्या फरशीतून तो वर डोकावतो. दिवाणखान्यातून एक जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. एके ठिकाणी तुळईच्या मार्गात झाड आले, तेव्हा झाड तोडण्याऐवजी तुळईलाच वळण दिले. काँक्रीटला फिकट मातकट रंग दिला, त्यामुळे ते रानातील वाळलेल्या पानांत मिसळून जाते.

मात्र या सुंदर घरालाही आपल्या धाडसाची किंमत मोजावी लागली. पुढे आलेले सज्जे आरंभापासूनच वाकू लागले आणि कालांतराने मुख्य सज्जा सुमारे १८ सेंटिमीटर खाली झुकला. अखेर २००२ साली पोलादी तारा ताणून त्याला बळकटी द्यावी लागली. निसर्गाचे रूप घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच निसर्गाचे नियम पाळणेही महत्त्वाचे, हा बोध यातून घ्यावयाचा. कॉफमन यांच्या मुलाने १९६३ साली हे घर एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या स्वाधीन केले आणि पुढच्या वर्षापासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. २०१९ साली राइटच्या अन्य काही वास्तूंबरोबर त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश करण्यात आला.

कोणी म्हणेल, की असले घर बांधणे श्रीमंतांनाच साधावयाचे. परंतु आपल्याच महाराष्ट्रात याचे उत्तर उभे आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव या लहानशा खेड्यात राहावयास आले. पुढे त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील कुटी मीराबहेन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर गावठी कौले आणि उन्हाची तिरीप अडविणाऱ्या ओसऱ्या. भिंतीवर सजावट म्हणून मीराबहेन यांनी मातीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा यांची उठावचित्रे काढली. देशाच्या भवितव्याविषयी ज्या घरात बसून विचार झाला, ते घर शेजारच्या शेतकऱ्याच्या झोपडीला परके वाटत नव्हते.

गांधीजींच्या विचारांचा प्रभाव एका इंग्रज तरुणावर पडला. त्याचे नाव लॉरी बेकर. घरासाठी लागणारे सामान शक्यतो पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर जपला. १९४५ साली ते भारतात काम करण्यासाठी आले. हिमालयात पिठोरागढला अनेक वर्षे राहून डोंगरी लोक दगड-मातीची घरे कशी बांधतात हे त्यांनी बारकाईने पाहिले. नंतर ते केरळात स्थायिक झाले. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचून मध्ये पोकळी सोडण्याच्या रीतीने त्यांनी भिंती बांधल्या. त्यायोगे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे ऊनही अडते. खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या ठेवून त्यांनी वारा आत घेतला आणि प्रखर प्रकाश बाहेर ठेवला. मार्गात झाड आले, की त्यांची भिंत झाडाला वळसा घालून पुढे जाई. तिरुवनंतपुरम येथे विकास अध्ययन केंद्राच्या इमारती त्यांनी टेकडीच्या उतारावर, झाडे राखून उभ्या केल्या. भारत सरकारने १९९० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २००७ साली ते निधन पावले.

आता ही सारी तत्त्वे एका उदाहरणाने तपासून पाहू. समजा, कोकणात डोंगरउतारावर एक जागा आहे. वरून एक लहानसा ओहोळ येतो आणि मध्यभागी आंब्याचे जुने झाड आहे. एक मनुष्य तेथे घर बांधू लागतो. प्रथम तो यंत्र लावून उतार कापतो आणि एक सपाट पटांगण तयार करतो. आंबा तोडतो, ओहोळ बुजवितो आणि शहरात पाहिलेल्या घराची नक्कल तेथे उभी करतो. पहिल्या पावसाळ्यातच भूमी आपला हिशेब मांडू लागते. कापलेल्या कड्याची माती सुटते. जेथे भर घातलेली आहे तेथे जमीन खचते आणि भिंतीला तडा जातो. बुजविलेल्या ओहोळाचे पाणी आपली जुनी वाट शोधीत स्वयंपाकघराच्या मागून झिरपते. पश्चिमेकडील मोठ्या काचेतून उन्हाळ्यात दुपारचे ऊन आत येते आणि सावली देणारे झाड तर उरलेलेच नाही.

दुसरा मनुष्य त्याच जागेवर आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ देतो. पाणी कोठून वाहते, वारा कोठून येतो, आंब्याची सावली दुपारी कोठे पडते, हे तो पाहून ठेवतो. मग तो घर एका पातळीवर न बांधता उताराप्रमाणे दोन टप्प्यांत बांधतो. एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात दोन-चार पायऱ्यांनी उतरावे. त्यामुळे डोंगर थोडाच कापावा लागतो. ओहोळाला तो दगडी चर करून मोकळी वाट देतो. आंब्याला मध्ये ठेवून त्याच्या दोन बाजूंनी खोल्या काढतो. दक्षिणेकडील छपराचा पाखा तो विचारपूर्वक पुढे आणतो. कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना तो पाखा ऊन अडवितो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून खाली आला, की तेच ऊन पाख्याखालून घरात येते. चिरे जवळच्या खाणीतले, कौले त्या मुलखात मिळणारी. गरज असेल तेथे सिमेंट आणि पोलादही तो वापरतो, कारण ती वस्तू वाईट नव्हे. घराची उंची झाडांच्या शेंड्यांपेक्षा कमी ठेवतो. समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला ते घर शोधूनच काढावे लागते.

खर्चाचा आकडा दोघांचा कदाचित सारखाच असेल. अंतर आहे ते एवढेच, की एकाने भूमीला आज्ञा केली आणि दुसऱ्याने तिला प्रश्न विचारले.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर अतिवृष्टीने डोंगराचा भाग कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग ओढवला. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या त्या गरीब लोकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना दुसरी जागा कोठे होती? म्हणून उतार कोठे धोक्याचा आहे, हे शोधून काढून तेथील वस्तीला वेळीच सुरक्षित जागा देणे, हे साऱ्या समाजाचे कर्तव्य ठरते. आणि ज्यांना जागा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यांनी तर भूमीची परीक्षा केल्यावाचून कुदळ मारूच नये.

जुनी घरे लोक का मोडतात, हेही सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. कौलांची दरवर्षी शाकारणी करावी लागते. माकडे कौले फोडतात. मातीच्या भिंती वरचेवर सारवाव्या लागतात आणि ते काम जाणणारी माणसे आता दुर्मीळ होत चालली आहेत. सिमेंटच्या घराने या कष्टांतून अनेकांची सुटका केली आहे, यात संशय नाही. तेव्हा सर्वांनी पुन्हा मातीच्या घरांत राहावयास जावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. साहित्य कोणतेही असो. बांधण्यापूर्वी जागेशी बोलण्याची जी रीत आपल्या गवंड्यांना ठाऊक होती, ती रीत हरवू देता कामा नये.

आज ना उद्या तुमच्यापैकी कोणी घर बांधील, कोणी घराचे नकाशे काढील, तर कोणी गावाचा कारभार पाहील. त्या वेळी कागद-पेन्सिल हाती घेण्याआधी त्या जागेवर जाऊन स्वस्थ उभे राहा. पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते ते पाहा. झाडे मोजा. मूठभर माती हातात घेऊन ती कशी आहे ते तपासा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की पूर जास्तीत जास्त कोठवर आला होता. अशा रीतीने बांधलेल्या घरावर काही वर्षांनी वेली चढतात, दगडांवर शेवाळ धरते, पाख्यांखाली चिमण्या घरटी करतात. आणि भूमी त्या घराला आपले म्हणते.